आठ अंश

यंत्राने एकदाही खोटं सांगितलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर कंपनीची माणसं म्हणायला मोकळी, की या सारिका नागेला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, उगाच यंत्राच्या नावाने बोटं मोडतेय. मी एकोणीस वर्षं क्ष-किरणांच्या खोलीत उभी आहे. यंत्राचा राग यायला मी काही खुळी नाही. राग माणसांचा आहे आणि त्या माणसांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

आमच्या वाळेगावात ‘जानुदर्शी’ आलं त्याला तीन वर्षं झाली. तालुक्याच्या गावाला असलं यंत्र म्हटल्यावर नारळ फुटले, फीत कापली गेली, पेढे वाटले. गुडघा केंद्राचे प्रमुख हाडांचे डॉक्टर तुंगारे, आणि यंत्र चालवायला मी. उद्घाटनाच्या दिवशीच माझ्या लक्षात आलं की बायका त्या खोलीत यायला घाबरताहेत. टेबलाच्या दोन बाजूंना दोन अवजड डोकी, मध्ये आडवं व्हायचं, अंगावर पांढरी चादर. जिवंतपणी प्रेत झाल्यासारखं वाटतं, असं एक म्हातारी तोंडावर म्हणाली. म्हणून मी घरून वाळजाईचा मोठा फोटो आणला आणि टेबलावर आडवं झालं की थेट समोर दिसेल असा भिंतीवर लावला. ग्रामदेवता समोर असली की बायकांना धीर येतो. तुंगारे सरांनी माझं कौतुकही केलं.

आता यंत्राबद्दल. साधा एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो. फोटोत माणूस थांबलेला असतो आणि थांबलेला गुडघा फारसं काही सांगत नाही. जानुदर्शी गुडघा हलताना बघतं. दोन बाजूंनी क्ष-किरणांचे दोन हलके झोत, सेकंदाला शंभर चित्रं. त्याआधी त्याच बाईच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती सॉफ्टवेअरने तयार करून ठेवलेली असते. ती प्रतिकृती प्रत्येक चित्रावर बसवायची आणि दोन हाडं एकमेकांवर किती वाकली, किती सरकली, किती वळली ते मोजायचं. चूक झालीच तर अर्ध्या अंशाच्या आत. मापाच्या बाबतीत त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नाही, हे मी आजही मानते.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. पाय सरळ होत जातो तेव्हा शेवटच्या दहा-पंधरा अंशांत नडगीचं हाड किंचित बाहेरच्या बाजूला वळतं आणि सांधा कुलूप लागल्यासारखा घट्ट बसतो. म्हणून तर माणूस तास तास उभा राहू शकतो. जानुदर्शी बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी हजारो गुडघ्यांवर दहा वर्षं नजर ठेवली आणि त्यांना दिसलं, की सांधा झिजू लागला की सगळ्यात आधी हे कुलूप बिघडतं. दुखण्याच्या कितीतरी आधी, फोटोत सगळं छान दिसत असतानाच. त्यावरून त्यांनी ‘जानुअंक’ काढला. शंभराच्या जवळ म्हणजे कोवळ्या पोरीचा गुडघा. पंचेचाळीसच्या खाली म्हणजे चार वर्षांत निकामी.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पुढचं शहाणपण सरकारी योजना आखणाऱ्यांचं. निकामी होणारच आहे तर दुखण्याची वाट कशाला बघायची, आत्ताच बदलून टाकू. डॉक्टरांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेच्या यंत्राचा हात दोन छोट्या छेदांतून आतला सांधा कापतो, नवा बसवतो, बाई तिसऱ्या दिवशी घरी. सगळं मोफत. फक्त त्यानंतर जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं तर नाहीच नाही. आणि ज्यांचा अंक पंचेचाळीसच्या खाली आहे पण गुडघा बदललेला नाही, त्यांना कुठल्याही कामाच्या केंद्रात, खळ्यावर, बाजाराच्या ओट्यावर खाली बसून काम करायला परवानगी नाही. त्यांच्याच भल्यासाठी.

वाळेगावचे आकडे बाकीच्या तालुक्यांच्या तिप्पट निघाले. आमच्या दहातल्या सहा बायकांचं कुलूप लागतच नव्हतं. कंपनीला हर्ष झाला. मोठ्या परिषदेत कोणीतरी त्यावर निबंध वाचला आणि या झिजेला नाव दिलं ‘वाळेगाव प्रकार’. कारणही सापडलं: या बायका पिढ्यान्‌पिढ्या उकिडव्या बसतात. लगेच गावभर फलक लागले, ‘खाली बसणे सोडा, गुडघे जोडा’. आमच्या केंद्राला उत्कृष्ट निदानाचा चषक मिळाला. गावाच्या नावाने एक रोग झाला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. लाज वाटते आता, पण वाजवल्या.

माझी कलाआत्या बासष्ट वर्षांची. आम्ही बुरूड. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, आत्याने सुपं आणि दुरड्या विणून मला वाढवलं, शिकवलं. प्लॅस्टिक बंद झाल्यापासून टोपल्यांना पुन्हा दिवस आले आणि आत्या बांबू केंद्रातली सगळ्यात जाणती कारागीर झाली. तिचं काम बघण्यासारखं असतं. ती उकिडवी बसते, एका पायाने बांबू दाबून धरते, हातातली सुरी अशी चालवते की कामट्या केसासारख्या सुटत येतात. सकाळी बसली की जेवायलाच उठते, आणि उठताना हात टेकत नाही.

उन्हाळ्यात बांबू केंद्रातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आत्याचा अंक आला अडतीस. दुसऱ्या दिवसापासून तिला केंद्रात खाली बसायला मनाई झाली.

“दुखतंय का पण मला?” ती मला विचारत होती. “सांग की. दुखतंय का?”

“अजून दुखत नाही, आत्या. दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल.”

“म्हंजे घर फुडं कवातरी गळंल म्हनून आजच पाडायचं?”

“यंत्र खोटं बोलत नाही.”

“आन्‌ त्यो नवा गुडघा घालून बांबू कुठं धरू? स्टुलावर बसून पायाखाली बांबू धरता येतोय व्हय?”

“स्टुलावर बसून करायची दुसरी कामं आहेत केंद्रात. मोजायचं, बांधायचं.”

“मोजायला शेंबडं पोर बी चालतंय.”

दोन महिने हा वाद चालला. ती ऐकेना, मी सोडेना. केंद्रात जाता येत नाही म्हणून ती दारात बसून कामट्या काढायची, तर मी त्या उचलून आत टाकायची. आणि एक दिवस माझी जीभ घसरली. मी म्हटलं, “तुला लंगडी होऊन माझ्या जिवावर बसायचंय का?”

जिने मला बसवून खाऊ घातलं, तिला मी हे म्हणाले. आत्याने सुरी पुसली, कोनाड्यात ठेवली आणि “कुठं सही करायची?” एवढंच विचारलं. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली.

मंगळवारी सकाळी शस्त्रक्रियेआधीचं शेवटचं मोजमाप होतं. आत्याच्या आधी शमीमआपा बागवान होत्या. आठवडी बाजारात त्यांचा भाजीचा आणि आत्याचा टोपल्यांचा ओटा शेजारी-शेजारी, तीस वर्षांची ओळख. त्यांना बाजाराच्या परवान्यासाठी अंक हवा होता. आला चौऱ्याण्णव.

“तुझा गुडघा काय लोखंडाचा हाय गं?” आत्याने बाकावरून विचारलं.

“मी पन तुझ्यासारखीच बसते की, दिवसभर उकिडवी,” शमीमआपा हसत म्हणाल्या. “अल्लाची मेहेरबानी, दुसरं काय?”

बागवान गल्लीतल्या बायकांचे गुडघे चांगलेच निघायचे. हे आमच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. कंपनीने त्यावरही एक अंदाज ठोकून दिला होता, आहारातला फरक. आम्ही मान डोलावली होती. एकाच बाजारात शेजारच्या ओट्यांवर बसणाऱ्या दोन बायका, एकीचा अंक चौऱ्याण्णव नि एकीचा अडतीस, आणि म्हणे आहार! शेंबड्या पोरालाही हसू आलं असतं, आम्हाला आलं नाही.

एरवी मोजमाप चालू असताना मी काचेपलीकडे बसते. त्या दिवशी आत्या मला बाहेर जाऊ देईना म्हणून शिशाचा अंगरखा घालून मी तिच्या उशाशी उभी राहिले. यंत्र सुरू झालं. मी नेहमीसारखं म्हटलं, “गुडघा पूर्ण वाकव. आता हळूहळू सरळ कर. अजून सरळ.”

चादरीखाली आत्याचा पाय वर येत गेला, समोर ताठ होत गेला. आणि आत्या पुटपुटली, “आई, चुकलंमाकलं पदरात घे.”

“काय म्हणालीस?”

“कुठं काय?”

“आत्या, तू आत्ता काहीतरी बोललीस.”

“आगं, पाय जातोय न्हवं तिच्याकडं.” तिने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. “जरासा मुडपून धरते. पर जातोयच की.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय ते. मग मी टेबलाच्या पायथ्याशी गेले आणि वाकून पाहिलं. आत्याचा उघडा तळवा थेट वाळजाईच्या तोंडासमोर होता. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसासमोरही कोणी पाय पसरत नाही. चुकून कुणाला पाय लागला तरी आपण त्याला हात लावून छातीला लावतो. आणि मी रोज वीस बायकांना देवीच्या तोंडावर पाय ताणायला सांगत होते.

“घरी निजतेस तेव्हा पाय कसा असतो तुझा?”

“सरळच की. मेल्यावानी पडते.”

“आणि इथे मुद्दाम वाकडा ठेवतेस?”

“मुद्दाम कसलं? आपसूकच ऱ्हातोय. समद्याच तसं करत्यात. कांद्याच्या खळ्यावरल्या हौसानं मला आधीच सांगून ठिवलं व्हतं, तितं गेल्यावर पाय जरा मुडपून धर म्हनून.”

मी स्टूल ओढलं, फोटो काढला, बाहेर नेऊन बाकावर ठेवला. परत येऊन म्हटलं, “आता कर सरळ.” आत्याने रिकाम्या भिंतीकडे एकदा बघितलं आणि पाय सरळ केला. पडद्यावर नडगीचं हाड शेवटच्या अंशांत बाहेर वळलं आणि कुलूप बसलं. अंक आला ब्याण्णव.

आत्या टेबलावरून उतरली, चपला शोधायला उकिडवी बसली आणि हात न टेकता उठली. हे मी आधीही शंभरदा बघितलं होतं.

ती गेल्यावर मी जुनी मोजमापं उघडली. गेल्या तीन वर्षांत आमच्या केंद्रात त्रेसष्ट बायकांचे गुडघे बदलले गेले. त्रेसष्ट जणींचे आलेख मी एकाखाली एक लावले. पाय सरळ होत यायचा आणि सात ते नऊ अंश उरले असताना थांबायचा. बहुतेकींचा बरोबर आठवर. आजार असा एका मापाने येत नाही. कुणाचा गुडघा चार अंशांवर अडतो, कुणाचा वीसवर, कुणाचा रडतखडत. इतका सारखेपणा फक्त लहानपणापासून अंगात मुरलेल्या रितीत असतो. तो आकडा तीन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही त्याला रोगाचं नाव देऊन बसलो होतो.

मी तुंगारे सरांकडे गेले. माणूस दुष्ट नाही, हे सांगायला हवं. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी आत्याचे दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

“पण सॉफ्टवेअर प्रयत्न तपासतं,” ते म्हणाले. “पेशंटने मुद्दाम पाय रोखला तर ते ओळखतं.”

“दुखतंय म्हणून रोखला तर ओळखतं, सर. स्नायू थरथरतो, वेग अडखळतो. या बायकांचा पाय अडखळतच नाही. जन्माची सवय आहे. बघा ना, कसा अलगद येऊन थांबलाय.”

मग मला जे विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. “सर, कापताना दिसलं नाही का तुम्हाला? आतली कूर्चा?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दिसायची. पांढरी, तुकतुकीत. पहिल्या दोन-तीन वेळा मी थांबलोही होतो. पण अहवालात लिहिलेलं असायचं, झीज डोळ्यांना दिसण्याच्या आधीची आहे. मग डोळ्यांचं काय ऐकायचं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं हाडं बघितलेला माणूस! चांगला गुडघा समोर उघडा पडलाय, स्वतःच्या डोळ्यांना दिसतोय, आणि हा कागदाला विचारतोय की मला दिसतंय ते खरं का? पण मी तरी काय वेगळं केलं होतं? आत्या हात न टेकता उठायची आणि मी तिला अडतीस आकडा दाखवून गप्प करायची.

“आत्याचा अंक रद्द करा, सर.”

“त्यासाठी कारण लिहून सही करावी लागते. मापनस्थितीत दोष, असं. ते एकदा लिहिलं की त्याच स्थितीत मोजलेल्या सगळ्या केसेस उघड्या पडतील.”

“पडू देत.”

“कंपनीशी बोलू आधी.”

कंपनीच्या कीर्तने मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोनदा हसल्यासुद्धा. “किती इंटरेस्टिंग!” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “फोटो आजच काढून टाका. पुढचे आकडे आपोआप सुधारतील. आपण दाखवू की खाली बसणं सोडण्याच्या मोहिमेचा परिणाम झाला. पुढच्या वर्षीही चषक तुमचाच.”

“आणि मागच्या त्रेसष्ट?” मी विचारलं.

“त्यांचे नवे गुडघे उत्तम चालताहेत ना? मग झालं तर.”

“गुरुवारी माझ्या आत्याचा गुडघा कापायचा आहे. तो चांगला आहे.”

“अधिकृत अंक पहिलाच. दुसरं मोजमाप तुम्ही परवानगीशिवाय केलंय, ते मी बघितलंच नाही असं समजते.” त्यांनी सरांकडे मोर्चा वळवला. “डॉक्टर, शस्त्रक्रिया रद्द करायची तर कारण लिहावं लागेल. कारण आपल्याला लिहायचं नाहीये. कळतंय ना मी काय म्हणतेय?”

सर म्हणाले, “बघू.” पडदा बंद झाल्यावरही ते टेबलाकडेच बघत राहिले आणि मला परत तेच म्हणाले, बघू. असं म्हणणाऱ्यांनी आपल्या देशाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं नाही म्हणणाऱ्यांनी केलेलं नाही.

संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. गुरुवारी तू गेली नाहीस तर कोणी ओढून नेणार नाही, पण अंक अडतीसच राहील आणि केंद्रात बसून काम करता येणार नाही, हेही सांगितलं. मला वाटलं ती मला शिव्या घालेल. मी त्याला तयार होते, खरं म्हणजे वाट बघत होते. तिने फक्त विचारलं, “हौसाला सांगितलंस?”

“नाही अजून.”

“मग मला कशाला आधी सांगत आलीस? माझा अजून जाग्यावर हाय. तिचा गेला.”

हौसाबाई म्हणजे आमच्या केंद्रात गुडघा बदललेली पहिली बाई. कांद्याच्या खळ्यावर निवडणाऱ्या बायकांची ती मुकादम होती. नवा गुडघा बसल्यावर खळ्यात बसता येईना, उभं राहून कांदा निवडता येत नाही, तेव्हापासून घरीच. बुधवारी सकाळी आत्या मला तिच्याकडे घेऊन गेली. हौसाबाई ओसरीवर प्लॅस्टिकच्या जुन्या खुर्चीत बसली होती आणि तिची सून खाली बसून लसूण सोलत होती.

मी सांगितलं. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुढे सांगता आलं नसतं.

“म्हंजे माझा चांगला व्हता,” हौसाबाई म्हणाली.

“हो.”

“आईकडं पाय करायचा न्हाई म्हनून मी मुडपला.”

“हो.”

“तर मग सांगायचं न्हाई व्हय तुमी, की बाई, नीट सरळ कर?”

“सांगत होते, हौसाबाई. रोज प्रत्येकीला सांगत होते. का होत नाही सरळ, हे एकीलाही विचारलं नाही.”

तिने सुनेकडे बघितलं. सुनेचे हात थांबले होते. मग हौसाबाई माझ्यावर नाही, आत्यावर ओरडली, “आन्‌ तू काय बघत बसलीस? जा की, बाकीच्यांना सांग! का मी चालत जाऊ घरोघर?” पण शेवटी तीही आलीच, काठी घेऊन. दिवसभर आम्ही तिघी हिंडलो. एका घरात पाणी मिळालं, एका घरात दार लावून घेतलं. एका बाईने माझ्या थोबाडीत मारली. तिच्या नवऱ्याने तिला आवरलं, मी म्हटलं आवरू नका.

गुरुवारी दहा वाजता आत्याला टेबलावर घ्यायचं होतं. साडेनऊला मी तिला घेऊन गुडघा केंद्रात शिरले तेव्हा आमच्या मागे गुडघा बदललेल्या एकेचाळीस बायका होत्या. शमीमआपाही आल्या होत्या, त्यांचं काही गेलेलं नसताना. वॉचमन म्हणाला, धरणं धरायचं असेल तर बाहेर पटांगणात बसा. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तुंगारे सरांच्या खोलीत मावतील तेवढ्या आत गेल्या, बाकीच्या दारात आणि व्हरांड्यात दाटल्या. सर हिरवे कपडे घालून तयार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकांकडे. ओळखीचे चेहरे होते, प्रत्येकीला त्यांनी दहादा तपासलं होतं. खोलीत दोनच खुर्च्या, खाली नातेवाइकांसाठी सतरंजी अंथरलेली. ते गडबडले. घरी आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले,

“अहो, उभ्या का सगळ्या? बसा ना खाली. बसून बोलू.”

कुणीच बसलं नाही. पहिल्यांदा त्यांना समजलं नाही. हौसाबाई काठीवर रेलून त्यांच्याकडे बघत होती.

“कशा बसू, डाक्टर?” ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. सरांनी सतरंजीकडे बघितलं, मग तिच्या गुडघ्याकडे, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या गुडघ्यांकडे. मी आत्याचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि दोन्ही आलेख त्याच्यावर ठेवले. मला वाटलं, आता परत बघू म्हणतील. म्हणाले असते तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, इतका राग माझ्या हातांत आला होता.

त्यांनी पेन घेतलं. ‘मापनस्थितीत दोष, रुग्णाचा गुडघा निरोगी, अंक रद्द,’ असं लिहिलं. थोडं थांबून त्याच्या खाली, ‘याच स्थितीत मोजलेले आधीचे सर्व अंक संशयास्पद,’ असंही लिहिलं आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. कागद त्यांनी आत्याला दिला.

आत्याने तो घडी घालून कमरेला खोचला. तिचं काम झालं होतं. गुडघा वाचला होता, उद्यापासून केंद्रात जाऊन बांबू पायाखाली धरायला ती मोकळी होती. मी हळूच म्हटलं, आत्या, सकाळपासून उभी आहेस, जरा टेक. त्या गर्दीत मला सोडलं तर ज्यांना सतरंजीवर सुखाने बसता आलं असतं अशा दोघीच होत्या, ती आणि शमीमआपा.

दोघीही बसल्या नाहीत. आत्या हौसाबाईला खेटून उभी राहिली आणि सरांना म्हणाली, “आता हिचं लिवा.”

सरांनी कोरा कागद ओढला आणि विचारलं, “पूर्ण नाव सांगा.”